तसा चांगला

गायकवाडांच्या गोष्टी मी पुष्कळांना सांगितल्या आहेत. खरी गोष्ट मात्र एकदाही सांगितलेली नाही.

मुलुंड पूर्वेला आमच्या घराजवळच्या बागेत आम्ही काही निवृत्त मंडळी संध्याकाळी बसतो. मुलांनी आईवडिलांना गाड्या घेऊन दिलेल्या असतात, मुलं स्वतः बेंगळुरूला नाहीतर परदेशात, आणि गाडी खाली धूळ खात उभी. त्यामुळे अधूनमधून कोणीतरी विचारतंच, "अहो, चांगला ड्रायव्हर कुठे मिळतो हो?" आणि मी सुरू होतो. आमचे गायकवाड असे, आमचे गायकवाड तसे. लोक हसतात. शेवटी कोणीतरी विचारतं, "मग एवढा चांगला माणूस सोडून का गेला?" मी म्हणतो, "गावाला गेला." त्यांच्या गावाला त्यांचं घर नव्हतं, जमीन नव्हती, वाट बघणारंही कोणी नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं.

सुमन, माझी बायको, होती तोवर खरं सांगणं शक्य नव्हतं, कारण ते आधी तिला सांगावं लागलं असतं. ती गेल्यावर वाटायला लागलं, आता सांगून काय उपयोग. असं करत करत बरंच टाळलं. आता डोळ्यांचा भरवसा राहिलेला नाही. लिहायचं तर आत्ताच लिहायला हवं.

गाडी आमच्या मुलाने, अमेयने, घेतली. सुमनचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि व्यायामासाठी तिला घाटकोपरला न्यावं लागायचं. रिक्षात बसली की प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात धरायची आणि मला तिची नखं लागायची. मी आयुष्यभर विमा कंपनीत टेबलावर काम केलं, स्कूटरपलीकडे काही चालवलं नाही. तेव्हा ड्रायव्हर हवाच होता.

पहिला आला तो गुटखा खाणारा. तोंड भरलेलं असायचं म्हणून कधी बोलायचा नाही. आम्हाला वाटलं शांत स्वभावाचा आहे. दुसरा फोनवर सतत बायकोशी भांडायचा आणि भांडण रंगात आलं की गाडीचा वेग वाढायचा. सुमन म्हणाली, "यांचा संसार सुधारेपर्यंत माझा दुसरा खुबा जाईल." तिसऱ्याचं नावही आता आठवत नाही. त्यानंतर सोसायटीच्या वॉचमनने गायकवाडांना पाठवलं.

पन्नाशीला आलेला माणूस. ठेंगणा, सावळा, अंगावर इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. मी म्हटलं, "चल, चालवून दाखव." ते म्हणाले, "चालवतो की. पण गाडीत बसणार कोण आहे नेहमी?" मी सुमनकडे बोट दाखवलं. "मग त्यांना बसू दे मागे. तुमची परीक्षा घेऊन काय उपयोग, साहेब?"

सुमन बसली. गायकवाडांनी गाडी सुरू केली, पण हलवली नाही. आरशात बघून विचारलं, "ताई, निघायचं?" सुमनला कळेना, आपल्याला विचारतायत की कोणाला. ती म्हणाली, "निघा." मग निघाले. पुढे ते होते तोवर गाडी हलण्यापूर्वी हा प्रश्न यायचाच. मागे मी एकटा असलो तरी यायचा. मला कंटाळा यायचा त्याचा. सुमनला फार आवडायचा. "या घरात एवढ्या वर्षांत मला कोणी विचारलं नाही हो, निघायचं का म्हणून," असं मला ऐकवायचीसुद्धा.

त्या पहिल्याच दिवशी लाल बहादूर शास्त्री मार्गावर एक रिक्षा आडवी घुसली. मी डोळे मिटले, आता हॉर्न आणि शिव्या दोन्ही येणार. गायकवाडांनी गाडी हळू केली आणि अगदी आदराने म्हणाले, "या मेव्हणे, या. तुमच्या घरचंच कार्य आहे, तुम्ही आधी."

सुमन फसकन हसली. ऑपरेशननंतर ती हसलेली मला आठवत नव्हती.

त्यांचं हे एक स्वतंत्र गोत होतं. सगळे रिक्षावाले मेव्हणे. मोटारसायकलवाली पोरं भाचे. बेस्टची बस म्हणजे सासरेबुवा, कारण "त्यांच्यापुढे जाता येत नाही, मागे राहिलं तर धूर खावा लागतो." पाण्याचा टँकर व्याही. कांजूरमार्गच्या कचऱ्याच्या डंपरला मात्र ते काही म्हणायचे नाहीत, नुसते बाजूला व्हायचे. सुमनने विचारलं, "यांचं नातं काय?" तर म्हणाले, "हे सोयर नाही ताई, सुतक. लांबूनच हात जोडायचे."

हॉर्न ते जवळजवळ वाजवायचेच नाहीत. म्हणायचे, "हॉर्न म्हणजे शिवीच की, साहेब. फक्त त्यात अक्षरं नसतात." आणि सिग्नलला गाडी थांबली की त्यांच्या उजव्या हाताची बोटं स्टिअरिंगवर वाजायला लागायची. आधी हळू, मग जरा पक्की, मग दिवा हिरवा झाला की एक थाप मारून बंद. सुमननेच एकदा विचारलं, "गायकवाड, ढोलकी वाजवता का हो?" ते लाजले. वाकोल्याला त्यांच्या वस्तीत गायनपार्टी होती, भीमगीतं म्हणणारी. त्यात ते ढोलकीवर असायचे. "रविवारी बसतो आम्ही," म्हणाले, आणि लगेच दुरुस्ती केली, "म्हणजे, बसतात ते. मी हल्ली कुठे."

हल्ली कुठे याचं कारण आम्ही होतो. रविवारी आम्हाला गाडी लागायची. ठाण्याला सुमनची बहीण, बोरिवलीला माझा भाऊ, कोणाचं बारसं, कोणाची पंचाहत्तरी. सुमन म्हणायची, "रविवारी सोडत जा हो त्यांना." मी म्हणायचो, "अगं, माणसं रविवारीच घरी सापडतात." आणि विषय संपायचा.

सुमन त्यांना "अहो गायकवाड" म्हणायची. मी "अरे गायकवाड" म्हणायचो. वयाने लहान आहे म्हणून, असं मी स्वतःला समजावलं होतं. त्याच वयाच्या आमच्या बँकेच्या मॅनेजरला मी "अहो साहेब" म्हणत होतो, ते तेव्हा कधी मनात आलं नाही.

त्यांची एक सवय आम्हाला फार कौतुकाची वाटली होती. पहिल्या दिवशी सुमनने चहा टाकला. कप काढायला ती कपाटाकडे वळणार, इतक्यात गायकवाडांनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढून ओट्यावर ठेवला. "ताई, यात द्या. आपला ग्लास आपल्याला बरा." मी नंतर बागेत सांगितलं, बघा किती स्वच्छ माणूस. पुष्कळ दिवसांनी एकदा सुमन भांडी लावता लावता म्हणाली, "त्यांनी त्या दिवशी मला वाचवलं."

"कशापासून?"

"मी कोणता कप काढणार होते, तेच मला ठरवता येत नव्हतं." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "त्यांना ते माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी तिने पाहुण्यांच्या सेटमधल्या कपात त्यांना चहा दिला, बशीसकट. ते प्यायले, कप विसळला, पालथा घातला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्लास आणला. "सवय आहे, ताई," एवढंच.

वर्षातून दोन दिवस ते सुट्टी घ्यायचे. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर. एकदा चौदा एप्रिललाच माझ्या भाच्याचं लग्न आलं. मी म्हटलं, "गायकवाड, एवढ्या वेळी जमव. संध्याकाळी लवकर सोडतो." ते म्हणाले, "साहेब, बाकी कधीही सांगा. त्या दिवशी मी ड्रायव्हर नसतो."

"मग कोण असतोस?"

मी हे चेष्टेने विचारलं. त्यांनी चेष्टेने घेतलं नाही. "त्या दिवशी आम्ही कोण असतो ते वाकोल्याला येऊन बघा एकदा," म्हणाले. मी गेलो नाही. त्या दिवसापुरता एक बदली माणूस बोलावला. त्याने मंगल कार्यालयाच्या दारातच गाडी खांबाला घासली. पंधरा तारखेला गायकवाडांनी त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा! पाहुण्यांनी आहेर केलाय."

बदली हा शब्द मी त्यांच्यापुढे एकदाच उच्चारला आणि त्यावरूनच त्यांच्या वडिलांचं कळलं. वडील साताऱ्याकडून येऊन गिरणीत लागले होते, पण बदली कामगार म्हणून. म्हणजे सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत घेणार, नाहीतर परत घरी. "आज होईल कायम, उद्या होईल कायम," म्हणत गिरण्याच बंद पडल्या. गायकवाड हे सांगताना हसत होते. "आमचा बाप मेला ना, साहेब, तो पण बदलीच गेला असणार. नंबर दुसऱ्याचाच असेल, तो गैरहजर असेल, म्हणून याला नेलं." मग सिग्नल सुटला. जरा पुढे गेल्यावर म्हणाले, "आमच्या घरात कायम असं कोणी झालंच नाही. आजोबा नाही, बाप नाही, मी नाही. एकाने तरी व्हायला पाहिजे."

सोसायटीत त्यांच्यावर पुष्कळांचा डोळा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तर सरळ म्हणाल्या, "तुमचा गायकवाड आम्हाला द्या ना." मला त्याचा केवढा अभिमान! गाडी अमेयची होती, सोसायटीतली जागा सुमनच्या माहेरच्या पैशांतून झालेली. माझं म्हणून लोकांनी हेवा करावा असं मला म्हातारपणी मिळालेलं एकच होतं, आणि ते म्हणजे हा माणूस.

एके दिवशी घाटकोपरहून येताना गायकवाड म्हणाले, "ताई, साहेब, एक सांगायचं होतं." पवईला एका कंपनीत ड्रायव्हरची जागा निघाली होती. कायमची. वर्दी, आजारपणाची रजा, घरच्यांना दवाखाना, आणि रविवार मोकळा. वयाची अट होती, आणि ते जेमतेम त्यात बसत होते. "ह्याच्या पुढच्या वेळेला मी बाद," म्हणाले. मुलाखत झाली होती, गाडी चालवून दाखवली होती. "त्यांना पसंत आहे. फक्त आधीच्या मालकाला विचारणार. तुमचा नंबर दिलाय, साहेब. फोन येईल. जे खरं आहे ते सांगा, एवढंच."

"अहो, विचारता काय! जाच तुम्ही," सुमन म्हणाली. तिने त्यांच्या सीटच्या पाठीवर थाप मारली. "आणि पहिल्या रविवारी ढोलकी ऐकायला आम्ही येणार."

"या की! पुढची खुर्ची ठेवतो."

मी म्हटलं, "हो हो, चांगलंच आहे." आणि खिडकीतून बाहेर बघत राहिलो. सुमन अजून काठीशिवाय चालत नव्हती. मी विचार करत होतो, आता पुन्हा गुटखा, पुन्हा फोनवरची भांडणं. रविवारी बोरिवलीला कसं जायचं. खोटं कशाला सांगू, सुमनच्या खुब्याइतकाच मला बोरिवलीचाही विचार येत होता.

फोन दुपारी आला. सुमन झोपली होती. पलीकडचे गृहस्थ कंपनीचे व्यवस्थापक. त्यांचं नाव इथे घेत नाही. आडनावावरून आमच्यातलेच होते, आणि ते माझ्या आडनावावरून त्यांनाही कळलं असावं. बोलणं लगेच घरगुती झालं.

"गाडीवर हात कसा आहे?"

"उत्तम."

"पितबित नाही ना?"

"छे! सुपारीसुद्धा नाही."

"वेळेचं?"

"आपण घड्याळ लावावं."

मी हे सगळं खरं सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवा, तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. मग त्यांनी आवाज जरा खाली आणला, माणूस खुर्ची पुढे ओढून बोलतो तसा. "काय आहे, आमच्या मोठ्या साहेबांच्या घरच्या गाडीवर द्यायचाय. त्यांच्या मातोश्री आहेत, जुन्या वळणाच्या. ड्रायव्हरचं घरात जाणंयेणं असतं, सामानसुमान, देवळात नेणं. मला स्वतःला काही नाही हो त्याचं. पण विचारून ठेवलेलं बरं." मग विचारलं, "गायकवाड म्हणजे... कुठले गायकवाड?"

मराठी माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. गायकवाड मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, इतरांतही असतील. ते गाव विचारत नव्हते.

मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. "त्याचा गाडी चालवण्याशी काय संबंध?" असं विचारता आलं असतं. "माझ्या बायकोला मी डोळे मिटून त्यांच्या हाती देतो," असं म्हणता आलं असतं. काहीच न कळल्यासारखं "साताऱ्याकडचे," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हणालो, "तसा चांगला आहे हो माणूस."

"तसा?"

"हो. तसा चांगला आहे."

"समजलं," ते म्हणाले. "समजलं. आभारी आहे हं."

फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. संध्याकाळपर्यंत मला एक प्रकारचं समाधानही वाटत होतं, की मी काही जात सांगितली नाही. निंदा तर केलीच नाही. चांगला आहे असंच दोनदा म्हणालो.

पण आपल्या भाषेत "चांगला आहे" आणि "तसा चांगला आहे" यांत किती अंतर आहे ते मी शिकलेला माणूस ओळखत नव्हतो असं कसं म्हणू? मुलगी बघून आल्यावर "तशी बरी आहे" म्हटलं की पुढची बोलणी होत नाहीत. त्या एका "तसा"मध्ये त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होतं, आणि ते उत्तर मी दिलं नाही असं म्हणायची सोयही होती. मला फक्त गायकवाडांना ठेवून घ्यायचं होतं. त्यांच्या जातीबद्दल माझ्या मनात काही नव्हतं, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. असेलही. पण त्यांना अडवायला हाताशी जे हत्यार लागलं, ते आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या ठेवलेलंच होतं. शोधावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "फोन आला होता का, साहेब?"

"आला होता. चांगलंच सांगितलं मी."

"मग झालंच!" त्या दिवशी ते भलतेच खुशीत होते. एका मेव्हण्याला तर काच खाली करून "जेवून जा" म्हणाले. सुमन आरशात बघून हसत होती. मीही हसलो.

कंपनीकडून काही आलं नाही. ते रोज विचारायचे नाहीत, पण फोन वाजला की आरशात नजर यायची. नंतर तीही यायची थांबली. एकदा सुमनने विचारलं तर म्हणाले, "नाही ताई, नाही जमलं. साहेबांनी आपल्याकडून सांगितलं होतं चांगलं. त्यांचंच काही असेल." आणि माझ्याकडे वळून, "थँक्यू, साहेब," म्हणाले. मी त्या "थँक्यू"ला मान हलवली.

त्यानंतर काही आठवड्यांनी सुमनला व्यायामाला सोडून आम्ही दोघे गाडीत बसलो होतो. बाहेर ऊन होतं. मी मागे पेपर वाचत होतो. गायकवाड पुढे बघतच बोलायला लागले.

"काल पवईला गेलतो. ते काम ज्याला लागलं, तो आपल्या वळखीचा निघाला."

"असं?"

"त्याला तिथल्या साहेबांनी सांगितलं म्हणे. गायकवाडचं जवळजवळ नक्की होतं, पण त्याचे साहेब बोलले, तसा चांगला आहे."

मी पेपरचं पान उलटलं.

"साहेब," ते म्हणाले, "तसा म्हणजे कसा?"

आवाजात राग नव्हता. रस्ता विचारावा तसं विचारलं. मागे वळले नाहीत, आरशातही पाहिलं नाही. मला वाटतं, मला सोपं जावं म्हणून पाहिलं नाही.

मी म्हणालो, "अरे, बोलायची पद्धत असते ती."

"हां," ते म्हणाले. "पद्धतच ती."

सुमन आली. त्यांनी उतरून दार उघडलं, तिची काठी घेतली, आत बसवलं. "ताई, निघायचं?" वाटेत विक्रोळीच्या आसपास एक रिक्षा अंगावर आली. त्यांनी तिला वाट दिली. बोलले काहीच नाहीत. "काय हो, आज मेव्हण्यांशी अबोला?" सुमनने विचारलं. "डोकं दुखतंय, ताई."

पुढे सुमन एकटी असली की त्यांचं गोत पुन्हा जमायचं. ती घरी येऊन मला नवे नवे किस्से सांगायची. मी गाडीत असलो की रस्त्यावर त्यांचं कोणी नात्याचं नसायचं.

सुमन काठीशिवाय सोसायटीच्या फाटकापर्यंत चालत गेली, त्याच महिन्यात त्यांनी सोडतो म्हणून सांगितलं. तिच्यासाठीच थांबले होते, हे मला कळलं. जाताना आपल्या जागी एक माणूस आणून दिला, आठवडाभर शेजारी बसून त्याला सगळं दाखवलं. कुठला गतिरोधक ताईंना लागतो, कुठे दार फुटपाथला लावून उघडायचं. शेवटच्या दिवशी चावी त्यांनी सुमनच्या हातात दिली. तिने आत जाऊन त्यांच्या बायकोसाठी साडी आणली, हळद लावून खण दिला. रडलीही. मला नमस्कार केला त्यांनी. नेहमीसारखाच केला, कमी नाही, जास्त नाही.

"तुम्ही काही बोललात का त्यांना?" दार लागल्यावर सुमनने विचारलं.

"मी कशाला बोलू? गावाला जातोय म्हणाला."

"मला नाही म्हणाले तसं."

"मला म्हणाला."

ती पुढे पाच-सहा वर्षं होती. दर दिवाळीला तिचा त्यांना फोन व्हायचा. गावाबद्दल तिने त्यांना कधी विचारलं की नाही, आणि विचारलं असेल तर त्यांनी मला सांभाळून घेतलं की काय, मला ठाऊक नाही. ती गेली तेव्हा त्यांचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. मी तो काढला, नावावर बोट नेलं, आणि फोन उशीखाली ठेवून दिला. ते आले असते. तिला शेवटचं नेणारी गाडी त्यांनीच चालवायला हवी होती. पण मग मला त्यांच्या मागच्या सीटवर बसावं लागलं असतं. पुढची दिवाळी आली तेव्हा त्यांनी वाट पाहिली असेल.

गाडी पुढे विकली. मी आता भाड्याच्या टॅक्सीने जातो. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून येत होतो. दुपारची वेळ, कांजूरमार्गचा मोठा सिग्नल, टॅक्सीत मागे डाव्या बाजूला मी. काच खाली होती. डावीकडे शाळेची पिवळी बस येऊन थांबली आणि वरून आवाज आला, "साहेब!"

वर बघितलं. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. खिडकीच्या कडेवर बोटं वाजत होती, ती थांबली.

"अरे... गायकवाड!"

"किती बारीक झालात, साहेब." ते खरंच आनंदाने हसत होते. "ठेकेदाराकडे आहे आता. पोरांची गाडी. फार बडबड करतात." मागून पोरांचा कल्ला ऐकू येत होता. शाळेची बस, म्हणजे रविवार तरी मोकळा मिळत असेल, असं माझ्या मनात आलं. जरा बरं वाटलं. आणि ते बरं वाटल्याचीच मग लाज वाटली.

"ताई कशा आहेत?" त्यांनी विचारलं. "दिवाळीला फोन नाही आला. म्हटलं, नंबर बदलला काय."

मी त्यांच्याकडे बघत होतो. सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर ते विचारणार, कधी गेल्या, मला का नाही कळवलं. आणि त्या प्रश्नाच्या उत्तराआधी दुसरं एक उत्तर द्यावं लागणार होतं.

"बरी आहे," मी म्हणालो.

"नमस्कार सांगा. सांगा, गायकवाड विचारत होता."

टॅक्सीवाल्याने पुढून काच वर घेतली. "काका, एसी चालू आहे, धूर येतोय." कानात त्याच्या तार होती. बस अजून तिथेच होती. काचेपलीकडे गायकवाड आता पुढे सिग्नलकडे बघत होते, ओठ हलत होते, समोरून आडव्या गेलेल्या कोणाला तरी काहीतरी म्हणत असावेत. मी दारावर बटण चाचपलं. सापडलं ते दाबलं, काच हलली नाही. पुन्हा दाबलं. "अहो, काच खाली घ्या, काच," मी टॅक्सीवाल्याच्या खांद्याला हात लावला. त्याने कानातली तार काढली. "काय, काका?"

तेवढ्यात दिवा हिरवा झाला. बस हळूच निघाली, कोणाला धक्का न लावता, आणि डावीकडे पवईच्या रस्त्याला लागली.

काच खाली आली तेव्हा समोर नुसता रस्ता होता. माझं वाक्य तयार होतं, पुष्कळ वर्षांपासून तयार होतं. मी ते तसंच अर्धवट मोठ्याने म्हणालो. टॅक्सीवाल्याला वाटलं, त्याच्याशीच बोलतोय.

"गायकवाड, मला माफ करा. तुम्ही चांगले होतात, आणि मला नुसतं तेवढंच म्हणायचं होतं. मी..."